दिवे नकोत, जाळी हवी: घरी असेंबल करायच्या पीसीसाठी साधं, परवडणारं कॅबिनेट

घरात सगळे ज्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात, ते खरं तर कॅबिनेट. पीसी असेंबल करताना त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. प्रोसेसर, मदरबोर्ड (म्हणजे बोर्ड), रॅम, ग्राफिक्स कार्ड घेऊन झालं की उरलेल्या पैशांत बसेल ते कॅबिनेट घ्यायचं, असा हिशोब असतो. मग दुकानदार समोर काच आणि काचेमागे तीन-चार रंगीत पंखे असलेला डबा पुढे करतो, आणि तो घेतला जातो. हा क्रम बदलायला हवा. प्रोसेसर चार-पाच वर्षांनी बदलतो, कार्ड कदाचित त्याआधीच. कॅबिनेट मात्र दहा वर्षं सहज चालतं, कारण बोर्डाचे स्क्रू कुठे येणार हे ठरवणारं एटीएक्स मानक १९९५ पासून चालत आलं आहे. शिवाय आतल्या प्रत्येक भागाचं तापमान याच डब्यावर अवलंबून असतं.

साधं कॅबिनेट म्हणजे काळ्या किंवा पांढऱ्या पत्र्याचा चौकोनी डबा. समोर जाळी, बाजूला शक्यतो पत्राच, दिवे नाहीत, आत गरजेपुरते पंखे. असं कॅबिनेट स्वस्तात मिळतं, पण शोधावं लागतं. ५०,००० रुपयांच्या आसपासच्या पीसीत कॅबिनेटसाठी ३,००० ते ४,५०० रुपये धरावेत. एसएमपीएसचे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीचे पैसे यात धरायचे नाहीत. यापेक्षा कमी केलं तर पत्रा पातळ मिळतो, आणि जास्त केलं तर बहुतेक वेळा काचेचे पैसे मोजले जातात.

बोर्ड आधी, डबा नंतर

एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. एटीएक्समध्ये कार्डांसाठी सात खाचांची जागा असते, मायक्रोमध्ये चार, आयटीएक्समध्ये एक. घरच्या पीसीत एक ग्राफिक्स कार्ड आणि साठवणुकीच्या एक-दोन एसएसडी यापलीकडे सहसा काही जात नाही. म्हणून मायक्रो-एटीएक्स हेच बहुतेकांसाठी योग्य उत्तर आहे. बी५५०एम, बी६५०एम, एच६१०एम अशा नावांतला शेवटचा ‘एम’ बहुधा हाच आकार सांगतो, आणि कमी किमतीचे बहुतेक बोर्ड याच आकारात येतात.

छोटं म्हणजे स्वस्त, असा समज करून कुणी मिनी-आयटीएक्सकडे वळत असेल तर थांबावं. डबा छोटा होतो, खर्च वाढतो. आयटीएक्स बोर्ड त्याच चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) मायक्रो बोर्डापेक्षा महाग असतो. वर अनेक छोट्या डब्यांत नेहमीचा एसएमपीएस मावत नाही, एसएफएक्स या लहान आकाराचा घ्यावा लागतो. कूलर मास्टरचं एनआर२०० हे सव्वाअठरा लिटरचं कॅबिनेट देखणं आणि नीट विचार करून बनवलेलं आहे, पण त्यात एसएफएक्सच लागतो. डब्याची किंमत पाहताना या दोन वस्तूंचा फरक त्यात मिळवून पाहा.

आकाराची तुलना लिटरमध्ये करा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि १,००० ने भागायचं. ४० × २१ × ४० सेंमीचं मायक्रो कॅबिनेट साडेतेहतीस लिटर भरतं. ४६ × २२ × ४६ सेंमीचं एटीएक्स कॅबिनेट साडेशेचाळीस लिटर. टेबलावर हा फरक चांगलाच जाणवतो. फोटोत मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

बोर्डाबाबत एक बारीक गोष्ट. अगदी स्वस्त मायक्रो बोर्ड पूर्ण २४४ मिमी रुंद नसतात, अनेकदा दोनशेच्याही आत असतात. अशा बोर्डाच्या उजव्या कडेला खाली आधारच येत नाही आणि ती कड अधांतरी राहते. बोर्डाला वीज देणारी २४ पिनांची जाड केबल दाबून बसवताना बोर्ड त्या बाजूला वाकतो. अशा वेळी कडेखाली दोन बोटं आडवी धरून मगच केबल दाबावी.

चार मापं लिहून दुकानात जा

पहिलं माप कूलरच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाच्या उंचीचं. एएमडीच्या काही प्रोसेसरांसोबत येणारा रेथ स्टेल्थ ५४ मिमी उंच आहे, तो कुठेही बसतो. अडचण १२० मिमी पंख्याच्या उभ्या कूलरची होते. डीपकूल एके४०० आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हे दोन्ही १५५ मिमी आहेत. कूलर मास्टरचा जुना हायपर २१२ सुमारे १५९ मिमी. आता समजा एखाद्या मायक्रो कॅबिनेटची मर्यादा १५७ मिमी आहे. पहिले दोन बसतात, तिसऱ्याचं दोन मिलिमीटरसाठी झाकण लागत नाही. कॅबिनेटवर ही मर्यादा दिलेली नसेल तर बाहेरच्या रुंदीतून ६० ते ७० मिमी वजा करून अंदाज बांधा. २१० मिमी रुंद डब्यात १४० ते १५० मिमीचाच कूलर धरावा.

दुसरं माप ग्राफिक्स कार्डाच्या लांबीचं. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिमी असतात, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे जातात. कॅबिनेटच्या माहितीत ‘कार्ड ३३० मिमीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा समोरच्या पंख्याची जाडी त्यात धरली आहे का, हे विचारा. पंखा जाळीच्या आतल्या बाजूला बसत असेल तर २५ मिमी वजा होतात. पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावायचा असेल तर तो आणि पंखा मिळून ५० मिमीच्या वर जागा खातात. हवेचा कूलर पुरत असताना स्वस्त पीसीत रेडिएटरचा विचार करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कार्डाची रुंदीही विसरू नका. नव्या बारा-सोळा पिनी जोडणीची केबल कार्डातून बाहेर आल्यावर निदान ३५ मिमी सरळ जायला हवी, तिथेच मुरडली तर जोडणी तापण्याची भीती असते. अरुंद कॅबिनेटचं झाकण नेमकं याच केबलवर दाबलं जातं. आठ पिनांची साधी जोडणी असलेल्या कार्डाला हा त्रास पुष्कळ कमी.

तिसरं माप एसएमपीएसचं. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो, लांबी मात्र १४० ते १८० मिमी अशी बदलते. छोट्या कॅबिनेटमध्ये १४० मिमीचाच घ्या, कारण त्याच्यापुढे केबलींचा जुडगा ठेवायलाही जागा लागते. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल तळातून निघून पत्र्यामागून वर डाव्या कोपऱ्यापर्यंत जाते. ती ६० सेंमी तरी असावी. स्वस्त एसएमपीएसवर ती ४५-५० सेंमीच असते. मग ती कार्डावरून, बोर्डावरून तिरपी ताणून न्यावी लागते. साधेपणासाठी एवढा खटाटोप केला, आणि पहिल्याच दिवशी आत वायर लोंबकळते.

चौथं माप घरातलं आहे आणि तेच बहुतेक जण घेत नाहीत. सनमायका लावलेल्या कम्प्युटर टेबलात ‘सीपीयू’साठी एक कप्पा असतो. तो आतून मोजा. जुने कप्पे वीस-बावीस सेंमी रुंद असतात आणि आजची अनेक कॅबिनेट २१ ते २३ सेंमी. डबा जेमतेम आत गेला तरी दोन्ही बाजूंना तीन-चार सेंमी आणि मागे दहा सेंमी जागा राहिली पाहिजे. कप्प्याची मागची फळी बंद असेल तर ती काढून टाका. नाहीतर मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढच्या जाळीतून परत आत जाते, आणि कितीही पंखे लावले तरी गरम हवाच ढवळली जाते.

समोरची बाजू: इथेच सगळं ठरतं

साधं दिसावं म्हणून अनेक कंपन्या पुढचा भाग गुळगुळीत, बंद ठेवतात आणि हवेसाठी दोन्ही कडांना उभ्या फटी देतात. दिसायला हे कॅबिनेट सगळ्यात नेटकं असतं आणि चालायला सगळ्यात गरम. कारण हिशोबाने समजतं. १२० मिमी पंख्याच्या पात्यांचा व्यास साधारण ११३ मिमी, मधला गोल साधारण ४० मिमी. म्हणजे हवा जाण्याची जागा सुमारे ८८ चौरस सेंमी. दोन पंख्यांना मिळून १७५ चौरस सेंमी हवेत. आता फटी मोजा. ४० सेंमी उंच, एक सेंमी रुंद, दोन बाजूंना मिळून ८०. त्या फटीतही प्लॅस्टिकच्या दांड्या किंवा भोकांची पट्टी असते, त्यामुळे खरी मोकळी जागा चाळीसच्या आसपास उरते. दोन पंख्यांना अर्ध्या पंख्याएवढं नाक ठेवलं आहे. पंखे जोरात फिरतात, आवाज करतात, आणि हवा येतच नाही.

म्हणून पुढे पूर्ण जाळी हवी. जाळीतही फरक असतो. बारीक टोचलेला पत्रा असेल तर मागे उजेड धरून पाहा, निम्म्याहून जास्त भाग उजळला पाहिजे. जाड भोकांची जाळी, तिच्यामागे स्पंजचा तुकडा आणि त्यामागे परत नायलॉनची गाळणी असे तीन पडदे असतील तर निदान स्पंज काढता येतो का, ते बघा. सगळ्यात चांगली रचना म्हणजे बारीक जाळी हीच गाळणी. ती पुढे ओढली की निघते, नळाखाली धुता येते, वाळवून परत लावता येते. फ्रॅक्टल डिझाइनने २०२२ मध्ये आणलेल्या नॉर्थ या कॅबिनेटला पुढे लाकडी पट्ट्या आहेत. ते आपल्या बजेटच्या बाहेरचं आहे, पण उघडा पुढा आणि घरगुती रूप एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून कळतं.

पंखे किती लागतात? रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण जोरात साधारण ७६ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट. बोर्ड वगैरे धरून २०० वॅटची उष्णता. आतली हवा खोलीपेक्षा दहा अंशांनीच गरम राहावी असं वाटत असेल तर दर मिनिटाला सुमारे ३७ घनफूट हवा बदलावी लागते. पंख्याच्या खोक्यावर ५०-६० लिहिलेलं असतं, पण जाळी आणि गाळणीतून निम्मीच मिळेल असं धरा. म्हणजे पुढे आत ओढणारे दोन आणि मागे बाहेर फेकणारा एक, बस. सहा पंख्यांची गरज नाही. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की धूळ गाळणीतूनच येते, सांध्या-भोकांतून ओढली जात नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा हे दहा अंश पंधरा होऊ देण्याची चैन परवडत नाही.

पंख्यांची जोडणी पाहून घ्या

‘चार पंखे फ्री’ असं लिहिलेल्या कॅबिनेटचं झाकण उघडायला लावा आणि पंख्यांच्या वायरीचं टोक बघा. मोठी चार पिनांची मोलेक्स जोडणी असेल तर तो पंखा थेट १२ व्होल्टवर कायम पूर्ण वेगाने फिरणार. दिवेही त्याच वायरीवर, म्हणून ते बंद होत नाहीत. सहा पिनांची जोडणी आणि सोबत एक छोटी पेटी असेल तर तो पंखा बोर्डाला लावताच येत नाही, आणि एखादा बिघडला तर त्याच कंपनीचा शोधावा लागतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग बोर्डाच्या बायोसमधून, म्हणजे मूळ सेटिंगमधून, डीसी (व्होल्ट कमी करायची) पद्धत निवडून कमी करता येतो. चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा सगळ्यात सोयीचा, त्याचा वेग बोर्ड चौथ्या पिनेवरून ठरवतो.

दिव्यांची वायर वेगळी असेल, म्हणजे पंख्यातून दोन टोकं निघत असतील, तर काम सोपं आहे. दिव्यांचं टोक लावूच नका. पंखा फिरतो, दिवा पेटत नाही. कुणाला ते लावायचंच असेल तर ५ व्होल्टची तीन पिनी वायर १२ व्होल्टच्या चार पिनी जागेत घालू नये. दिवे क्षणात जळतात, कधी बोर्डाची ती जागाही जाते.

एकच पंखा असलेलं चांगल्या जाळीचं कॅबिनेट घेऊन दोन साधे काळे पीडब्ल्यूएम पंखे वेगळे विकत घेणं, हा रस्ता आम्हाला सगळ्यात जास्त पटतो.

पत्रा हाताने तपासा

माहितीपत्रकात पत्र्याची जाडी क्वचितच असते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ३.९ किलो भरतो, ०.७ मिलिमीटरचा साडेपाच किलो. म्हणून डब्याचं वजन बरंच काही सांगतं. काच नसलेलं मायक्रो कॅबिनेट तीन किलोच्या खाली असेल तर पत्रा नक्की पातळ.

दुकानात असाल तर काउंटरवर डबा ठेवा आणि समोरासमोरच्या दोन वरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा. डगमगत असेल तर सांगाडा पिळवटलेला आहे. मग मागे कार्डाचा स्क्रू आणि भोक जुळत नाही, आणि झाकण पंख्याच्या वेगासोबत थरथरतं. बाजूचं झाकण काढून मधोमध अंगठ्याने दाबा. टिनाच्या डब्यासारखा टक्‌ आवाज करून आत-बाहेर होत असेल तर ते झाकण गुणगुणणारच. आतल्या कडांवरून बोट अलगद फिरवा. दुमडलेली कड गोल लागते, नुसती कापलेली कड करवतीसारखी लागते, आणि जोडताना हात तिथेच कापतो.

मागच्या बाजूला कार्डांच्या खाचांवर पट्ट्या असतात. स्वस्त डब्यात त्या पत्र्यातूनच अर्धवट कापलेल्या असतात. एकदा मोडून काढली की ती परत बसत नाही. स्क्रूच्या पट्ट्या चांगल्या. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण उघड्या राहिलेल्या खाचेतून झुरळं आणि पाली आत जातात. एसएमपीएसच्या उबेला त्या राहतात आणि बोर्डावर एकदा आडव्या पडल्या की शॉर्ट होतो. पट्टी मोडलीच असेल तर सुटी पट्टी विकत मिळते, ती लावून टाका.

बोर्ड बसतो त्या पत्र्याच्या मागे, झाकणापर्यंत, १५ ते २० मिमी मोकळं हवं. सगळ्या वायरी तिथेच जातात. दहाच मिमी असेल तर झाकण फुगतं आणि मागचा स्क्रू लागत नाही. पुढच्या बटणांजवळ निदान एक यूएसबी ३ असावं. टाइप-सी हवं असेल तर आधी आपल्या बोर्डावर त्याची जागा आहे का ते पाहा. स्वस्त बोर्डांवर ती बरेचदा नसते, आणि डब्यावरचं छिद्र नुसतं शोभेला राहतं.

काच घ्यायची का? साधेपणा हवा असेल तर नको. तरीही घेतलीत तर एक लक्षात ठेवा: टेंपर्ड काच मधोमध बरीच कणखर असते, कडेला मात्र नाजूक. झाकण काढून टाइल्सच्या फरशीवर कडेवर उभं टेकवलं की टाइलच्या कडक पृष्ठभागावर कोपरा घासतो आणि सबंध काच एका झटक्यात साबुदाण्याएवढ्या तुकड्यांत खाली येते. ती नेहमी गादीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर आडवी ठेवायची.

एसएमपीएससकट मिळणारं कॅबिनेट

ही जोडी फक्त कार्ड नसलेल्या, ऑफिसच्या कामाच्या पीसीसाठी ठीक, आणि तेही नाइलाज असेल तरच. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्याऐवजी बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा वाचा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तो ४० च्या वर असतो. अँपिअर गुणिले १२ केल्यावर छापलेल्या वॅटच्या निम्मं येत असेल, तर उरलेले वॅट कागदावरचेच. कॅबिनेट वेगळं, एसएमपीएस वेगळा, हाच नियम धरा.

जुनं कॅबिनेट घरात असेल तर

कार्ड लावायचं नसेल आणि घरात पंधरा वर्षांपूर्वीचा असेंबल केलेला पीसी धूळ खात असेल, तर त्याचा डबा धुऊन-पुसून वापरा. यापेक्षा स्वस्त काही नाही, आणि त्या काळचा पत्रा बऱ्याचदा आजच्या स्वस्त डब्यापेक्षा जाड असतो. एसएमपीएस वर बसतो, मागे ८० किंवा ९२ मिमीचा पंखा लागतो, पुढे सीडी ड्राइव्हची झाकणं असतात. ती दोन्ही झाकणं काढून आतून जाळीचा तुकडा लावला की हवेची सोय होते. ऑफिसातून लिलावात आलेल्या ब्रँडेड पीसीचा डबा मात्र यासाठी घेऊ नये. त्यातली भोकं, बटणांची जोडणी आणि एसएमपीएसचा आकार अनेकदा त्या कंपनीचाच असतो, नेहमीचा बोर्ड त्यात बसत नाही.

खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा पुण्यात बुधवार पेठेचा परिसर, अशा ठिकाणी डबा उघडून पाहता येतो. त्यासाठी सोबत टेप, कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कागदावर. पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवून कच्च्या पावतीवर घेतलेल्या एसएमपीएसला वॉरंटी मागायला तोंड उरत नाही. कॅबिनेट ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि आठवडाभर थर्माकोलसकट खोकं जपून ठेवा. कुरिअरमध्ये कोपरा चेपणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे, आणि चेपलेला कोपरा म्हणजे पिळवटलेला सांगाडा.

जोडताना काय चुकतं

बोर्डाखाली बसणारे पितळी खिळे म्हणजे स्टँडऑफ. बोर्ड आधी कॅबिनेटवर नुसता धरून पाहा आणि जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच स्टँडऑफ ठेवा. आधीच्या आकारासाठी बसवलेला एखादा जादा स्टँडऑफ बोर्डाच्या मागच्या डाखांना टेकला की पीसी चालूच होत नाही, किंवा चालू होऊन क्षणात बंद पडतो. नवा पीसी ‘मेला’ असं वाटलं की पहिल्यांदा हेच तपासायचं. मागची पत्र्याची आयओ पट्टी (यूएसबी वगैरेच्या जोडण्यांभोवती बसणारी) बोर्डाच्या आधी बसवा, विसरलात तर सगळं परत सोडवावं लागतं.

यूएसबी ३ ची जाड, १९ पिनांची केबल सरळ दाबायची आणि सरळच काढायची. तिरपी ओढली की बोर्डावरच्या पिना वाकतात, कधी पूर्ण जागाच उपटून येते. चालू-बंद बटणाची वायर उलटसुलट लागली तरी चालते. दिव्यांच्या वायरी उलट लागल्या तर फक्त दिवा पेटत नाही, काही जळत नाही. तळाला जाळी असेल तर एसएमपीएसचा पंखा खाली, नसेल तर वर.

जमिनीवर ठेवायचं असेल तर पाटावर ठेवा. ओल्या फडक्याने फरशी पुसताना पाणी तळाच्या जाळीपर्यंत जातं, आणि केरसुणीने उडालेली धूळ खालच्या वीतभर थरातच सगळ्यात जास्त असते. कोकणात आणि गोव्यात खारी हवा पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि ओरखडे धरते. तिथे रंगहीन नेल पॉलिशचा एक हात द्या, गंज पुढे सरकत नाही.

स्क्रूला किंवा यूएसबीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॅबिनेटचा दोष नाही. एसएमपीएसच्या आतले छोटे कपॅसिटर डब्याच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की डब्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तो पेन ड्राइव्ह आणि हेडफोनमधून वाट काढतो. थ्री-पिन प्लगची जाड पिन तोडून वापरू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग करून घ्या.

सगळं जोडून झालं की एक चाचणी. झाकण लावून अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि कार्डाचं व प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा. मग बाजूचं झाकण काढून तेवढाच वेळ परत चालवा. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर कॅबिनेट नीट श्वास घेतं आहे. सात-आठ अंशांनी उतरलं तर पुढून हवा येत नाही. आधी पुढचा पंखा उलटा बसला आहे का, ते पाहा. आधाराच्या दांड्या दिसतात ती बाजू हवा बाहेर फेकते, म्हणजे पुढच्या पंख्याच्या दांड्या आतल्या बाजूला हव्यात. तो सरळ असेल तर पुढचा मुखवटा काढून नुसत्या पंख्यांवर तिसऱ्यांदा चालवा. तापमान उतरलं तर मुखवट्यामागचा स्पंज काढायचा, आणि तोही नसेल तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत कॅबिनेट परत करायचं.